वीस मिनिटांनंतरची रेघ

वाशीमच्या ज्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं रक्त तपासते, तिथे माझ्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. माझी सुई टोचलेली कळत नाही आणि जीभ टोचल्याशिवाय राहत नाही. सुईचा मला फार अभिमान होता. जिभेने माझ्या धाकट्या बहिणीचा संसार मोडला.

तिला जऊळक्याला दिली होती. सासरी भाजीचा मळा. नवरा सुगी आटोपली की पुण्याकडे बांधकामावर जायचा. बाजाराच्या दिवशी ती सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून दुपारी माझ्याकडे यायची, डबा घेऊन. दोघी बहिणींनी एका ताटात जेवायचं ही आईची शिस्त. आई गेली, तरी आम्ही ती मोडली नव्हती.

त्या दिवशी ती नुसती बसून राहिली. खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, नको त्या जागी फोड आलेत, आग होते. तिला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण मी पडले शहाणी. गुप्तांगाच्या हर्पीसची कार्ड-टेस्ट कपाटात होतीच. बोट टोचून रक्ताचा थेंब कार्डावर सोडला, वर औषधाचे दोन थेंब टाकले. रक्तात त्या रोगाविरुद्धच्या अँटीबॉडी असल्या तर दुसरी रेघ उमटते. पंधरा मिनिटांनी बघायचं. वीस मिनिटं उलटली की बघायचंच नाही, कारण उशिरा उमटलेली रेघ खोटी असू शकते. हे मी नव्या पोरींना दमात घेऊन शिकवते.

तेवढ्यात तिने डबा उघडला. तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि ज्वारीची भाकर. नवरा पुढच्या आठवड्यात येतोय म्हणून ती जरा खुलली होती. आम्ही गप्पा मारत जेवलो, हात धुतले, आणि मग मला कार्ड आठवलं. फिकट, अगदी केसासारखी दुसरी रेघ होती. घड्याळाकडे बघितलं असतं तर पाऊण तास झालेला दिसला असता. मी बघितलं नाही.

माझं डोकं फिरलं. पुण्याहून त्यानेच हे आणलं, असं मी धरूनच चालले. ती म्हणत होती, ते तसे नाहीत. मी म्हटलं, असं म्हणणाऱ्या बाया मी रोज बघते. ती हात धरत असतानाच मी जावयाला फोन लावला.

"माह्या बहिनीले रोग देला तुमी," मी म्हणाले.

तो तिसऱ्या दिवशी गावी आला आणि दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतलं. त्याच्या कार्डावर एकच रेघ. मग सासरच्यांनी तोच प्रश्न उलटा केला: त्याला नाही, तर हिला कुठून? नव्या लागणीत अँटीबॉडी दिसायला कित्येक आठवडे लागतात, आणि रेघ खरी असली तरी रोग कोणाकडून आला, किती वर्षांपूर्वी आला, हे ती सांगत नाही. हे आता मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. माझं कोण ऐकणार? आग मीच लावली होती. तिची पिशवी माझ्या दारात येऊन पडली.

पुढे कातडीच्या डॉक्टरांनी तिला नीट विचारलं. मळ्यात वाकून कंबर धरली की ती दुकानातून दुखण्याची गोळी आणून घ्यायची. फोड त्या गोळीच्या रिॲक्शनचे होते. तीन महिन्यांनी रक्त अकोल्याच्या मोठ्या लॅबला पाठवलं. हर्पीस नव्हताच.

तो रिपोर्ट घेऊन मी जऊळक्याला गेले. तिच्या सासूने कागद हातातही घेतला नाही.

"तवाबी तुमीच सांगतलं, आताबी तुमीच सांगून राह्यल्या. कोनतं खरं मानाव आमी?"

जावई वाफ्यात पाणी सोडत होता, त्याने वर पाहिलं नाही. वर्षाच्या आत सोडचिठ्ठी झाली.

बहीण माझ्यावर कधीच ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जऊळक्याहून परतल्यावर मी रडत माफी मागितली, तेव्हा ती चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "ताई, तू त्या कार्डाले इचारलं. मले नाई इचारलं."

आता ती माझ्याकडेच राहते. बाजारात भाजी घेऊन बसते आणि दुपारी लॅबमध्ये डबा आणते. काल टेबलावर कोणाचं तरी कार्ड ठेवलेलं होतं. मी हात धुऊन आले, तर तिने डब्याचं झाकण परत लावलं होतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"आधी ते पाह्य," ती म्हणाली. "मंग जेवू."

मी कार्ड पाहिलं, वेळ लिहिली. मग आम्ही जेवलो. तिने दोन ताटं घेतली होती.