दोन बोटांचे उपकार

आमच्या वन्संची दोन बोटं गेली आणि चर्चच्या साऱ्या मंडळीला त्यात देवाची दया दिसायला लागली. मला काय दिसलं ते लिहिल्याशिवाय आज माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एक भाऊ सांभाळला, तेवढं पुरे." केस काळे होते तेव्हापासून त्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला. तिथं इस्पितळाच्या चादरी धुतात. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरून तापलेल्या रोलरखाली सरकवायची, पलीकडून ती कडक होऊन निघते. त्या वाफेत आणि खडखडाटात वन्सं प्रार्थना करायच्या. डोळे उघडे ठेवून, कारण मिटले तर हात भाजायचा. चादर आत जाताना एकच वाक्य, "हिच्यावर जो निजेल त्याला सांभाळ, बाबा." डाग न निघालेली चादर आली की दोन वाक्यं.

घरीही तीच तऱ्हा. मी नवी नवरी होते. जेवायला बसलो आणि मी गोड आवाजात प्रार्थना केली, "प्रभू, सर्व आशीर्वादांबद्दल तुझे उपकार." वन्संनी एक डोळा उघडला.

"सर्व म्हणजे कुठले गं? देवाला काय घाऊक माल पाठवतेस?"

मग स्वतः सुरू झाल्या. "प्रभू, नळाला पाणी आलं त्याबद्दल तुझे उपकार, आणि पहाटे उठून पंप लावणाऱ्याचेही. वहिनीनं उन्हातून भाजी आणली, तिचे उपकार. भाजी खारट झालीय, त्यात मात्र तुझा काही दोष नाही. आमेन."

मी तेव्हा रडले होते. पण पुढं कळलं, ही बाई उपकार नाव घेऊन मानते. जे ज्यानं दिलं ते त्याच्या नावावर, आणि जे ज्यानं बिघडवलं तेही त्याच्याच. "माणसाचं बिल देवाच्या नावावर फाडायचं नाही," हा त्यांचा कायदा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना असे बारीक बारीक उपकार मानायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्या रोलरच्या तोंडाशी एक जाळी होती. हात लागला की रोलर जागच्या जागी थांबायचा. पण चादरींच्या जाड कडा तिच्यात अडकायच्या, काम खोळंबायचं, म्हणून मालकांनी ती काढून टाकली. बायका कुरकुरल्या तर म्हणाले, "तुम्ही काय आज आलात का? डोळे झाकून काम कराल!" एके दिवशी चादरीचा सुटलेला दोरा वन्संच्या बोटांना गुंडाळला गेला आणि रोलरनं बोटं आत ओढली. जोडीदारणीनं झेप घेऊन खटका पाडला, म्हणून उरलेला हात राहिला.

हे मालक आमच्या मंडळीचे खजिनदार. बाक पहिला, गळा सर्वांत मोठा. फळांची करंडी घेऊन इस्पितळात आले आणि खाटेपाशी उभे राहून लांबलचक प्रार्थना केली. सगळं प्रभूच्या इच्छेनं झालं, प्रभूनं परीक्षा घेतली, प्रभूनं हात वाचवला. जाळीचा एक शब्द नाही! वन्संनी डोळे मिटलेच नाहीत, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

शेजारी पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, होत्या. "रविवारी उभ्या राहून साक्ष द्या हं, प्रभूनं कसं वाचवलं ते सर्वांना सांगा. पुष्कळांचा विश्वास वाढेल."

मालक दाराशी वळून म्हणाले, "आणि मग घडी घालायच्या टेबलावर या. बसून काम. साक्ष होऊ दे, मग बघू."

म्हणजे देवाचे आभार मानायचे, तेव्हा पोटाला मिळणार. तिकडं त्याच उघड्या रोलरमध्ये दुसऱ्या दोघी चादरी सारत होत्या. मंडळीत जाळीवरून कुजबुज सुरू झाली होती, ती या साक्षीनं बंद करायची होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरी आमचे हे म्हणाले, "ताई, चार वाक्यं बोल आणि मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा? बोटं खाल्लीन माझी, तरी तुला मासाच वाटतो?"

मी पातेलं असं आदळलं की हे उठून गॅलरीत गेले. पण मला धास्ती दुसरीच होती. अपघातापासून वन्संनी जेवणाआधी तोंड उघडलं नव्हतं.

"प्रार्थना का करत नाही तुम्ही?"

"तोंड उघडलं की शिव्या येतील."

"मग शिव्या द्या. पण त्याच्याशी बोला."

रविवारी पाळकांनी नाव पुकारलं. वन्सं उठल्या, बांधलेला हात छातीशी धरला. साक्ष दिलीच नाही, सरळ प्रार्थना सुरू केली.

"देवा, माझ्या जोडीदारणीनं खटका पाडला, तिचे उपकार. टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे उपकार. ज्या कारागिरानं ती जाळी पहिल्यांदा केली, त्याला मी ओळखत नाही, तू ओळखतोस. त्याचे उपकार. दोन बोटांबद्दल तुझे उपकार मी मानणार नाही, कारण ती तू नेली नाहीस. जाळी मालकांनी काढली. अजून काढलेलीच आहे. उद्या सकाळी दोघीजणी तिथं हात घालतील. त्यांना सांभाळ, आणि मालकांना लाज दे. येशूच्या नावानं मागते."

कुणी आमेन म्हणेना. पाळकबाई गीताचं पान शोधू लागल्या. आणि माझ्या शेजारून, चिरक्या आवाजात, "आमेन." आमचे हे! मग मागून जोडीदारीण, मग लाँड्रीतल्या बाकीच्या. मालकांची मान लालबुंद.

बाहेर पाळकबाईंनी मला गाठलं. "प्रार्थनेत असं कुणाला बोलायचं नसतं."

"देणगीदारांची नावं अर्धा तास वाचता की प्रार्थनेत. मग जाळी काढणाऱ्याचंच का नको?"

सोमवारी बायका रोलरसमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. फिटर येईपर्यंत एकीनंही चादर उचलली नाही. दुपारच्या आत जाळी बसली. घडीच्या टेबलावर मात्र दुसऱ्याच बाईला बसवलं. वन्संना निरोपसुद्धा नाही. आम्ही कामगार कार्यालयात तक्रार केली आहे, तारखा पडताहेत. आणि मालक अजूनही पहिल्याच बाकावर.

आता वन्सं आमच्या टेबलावर पुन्हा प्रार्थना करतात. फिटरचं नाव रोज असतं. काल मी म्हटलं, "वन्सं, मालकांसाठीही प्रार्थना करायला हवी ना आपण?"

"करते की. रोज करते."

"काय म्हणता?"

"म्हणते, बाबा, मालकांचा विवेक जागा कर. आणि विवेक जागा होईतो मालकांचाही डोळा लागू देऊ नकोस."

मी आमेन म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.