चावरे बूट

शोभनाकाकू स्की करायला लागल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी बरीच वर्षं त्या टाहो सरोवराकडच्या डोंगरात यायच्या, पण पायथ्याच्या लॉजमध्ये बसायला. आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधली तीन-चार मराठी कुटुंबं दर हिवाळ्यात तिथे एक केबिन भाड्याने घेतात. तरुण मंडळी डोंगरावर जायची आणि काकू थर्मासातला चहा, दशम्यांचा डबा आणि सगळ्यांचे कोट सांभाळत बसायच्या. सांता क्लाराच्या एका चिप कंपनीत त्या मोठ्या टीमच्या मॅनेजर होत्या, पण बर्फापाशी आल्या की त्यांचं काम ठरलेलं असायचं.

त्यांची मुलगी अनिका शाळेपासून स्की करायची. नोकरीला लागल्यावर एका हिवाळ्यात तीच म्हणाली, “आई, यू हॅव हेल्ड आवर जॅकेट्स लाँग इनफ. कम विथ मी.”

“या वयात हाड मोडलं तर?”

“देन आय विल होल्ड युवर जॅकेट.”

काकू हसल्या आणि गेल्या. नवशिक्यांच्या छोट्या उतारावर दिवसभर पडल्या, उठल्या, आणि संध्याकाळी त्यांचे गाल लाल झालेले होते. त्यांना ते भलतंच आवडलं. आवडले नाहीत ते फक्त बूट. नडगीवर काळेनिळे वळ उठले होते आणि बोटं पार बधिर झाली होती.

“स्कीचे बूट चावतातच,” कोणीतरी म्हणालं, आणि काकूंनी ते मान्य करून टाकलं. चावऱ्या बुटांची त्यांना सवय होती. नागपूरला त्या आणि त्यांची धाकटी बहीण सुमित्रा शाळेत जायच्या, तेव्हा वडील बूट नेहमी वाढत्या मापाचे आणायचे. टाचेमागे कापूस कोंबून ते वर्षभर घालायचे आणि पाय बुटाएवढा होईपर्यंत बूट फाटायचे. अमेरिकेत आल्यावरही दुकानात त्या सवयीने एक नंबर मोठाच मागायच्या. स्कीच्या भाड्याच्या बुटांचंही तसंच. मोठा नंबर, आत लोकरीचे दोन-दोन मोजे, आणि पाय आत सरकतो म्हणून बकलं दात-ओठ खाऊन आवळायची.

पुढच्या वर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मूव्हिंग सेल आला. एक कुटुंब पुण्याला परत चाललं होतं. त्यांच्या गॅरेजमध्ये स्कीचे बूट होते, जुने, पण दोन-तीनदाच वापरलेले. एकही ओरखडा नाही, चकचकीत पांढरे. काकूंनी लगेच घेतले. नंबर अर्थातच मोठा.

त्या बुटांनी त्यांनी दोन ट्रिपा काढल्या. दुसऱ्या ट्रिपेत अनिकाबरोबर त्या तारेवरच्या खुर्चीच्या लिफ्टने प्रथमच जरा वरच्या उतारावर गेल्या. अर्ध्यावर आल्या असतील, वळताना उजव्या पायाखाली काहीतरी कडकन वाजलं. काकूंना वाटलं, हाडच गेलं. त्या बर्फात बसल्या आणि खाली बघायची त्यांची हिंमत होईना. अनिकाने वाकून बघितलं. हाड शाबूत होतं. बुटाचं प्लास्टिक टाचेपासून घोट्यापर्यंत उभं तडकलं होतं आणि त्याचा एक तुकडा बर्फात पडला होता.

पाय धरून ठेवायला बूटच नाही म्हटल्यावर उतरणार कशा? शेवटी स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या मदत पथकाची, माणसं आली. त्यांनी काकूंना घसरगाडीवर आडवं झोपवलं, पट्टे बांधले, ताडपत्रीत गुंडाळलं आणि खाली आणलं. खाली लॉजबाहेर आम्ही सगळे उभे. अरुणकाकांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, चेहरा पांढराफटक.

“काही झालेलं नाही मला,” ताडपत्रीतून काकूंचा आवाज आला. “बूट मोडला.”

मग मात्र त्या रडल्या. लागलं नव्हतं, तरी रडल्या. केबिनवर आल्यावर म्हणाल्या, “झालं तेवढं पुरे. उद्यापासून मी आपली खालीच बसते.”

अनिकाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने आईला गाडीत घातलं आणि ट्रकी गावातल्या एका दुकानात नेलं, जिथे पाय बघून बूट बसवून देतात. दुकानदार वॉल्टर सत्तरीला टेकलेला, उंच, जरासा बहिरा. त्याने तडकलेला बूट उलटसुलट करून बघितला आणि सांगितलं की हे प्लास्टिक वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. आत काय झालंय ते वरच्या चकाकीवरून कळत नाही.

नंतर तो खाली स्टुलावर बसला, त्याने काकूंचा मोजा काढला आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

काकूंनी पाय झटकन मागे घेतला. बापाच्या वयाचा नसला, तरी मोठा माणूस, आणि त्याच्या मांडीवर आपला पाय! त्यांनी वॉल्टरच्या खांद्याला हात लावून तो आपल्या छातीशी नेला.

“हे काय?” वॉल्टरने विचारलं.

“इट्स लाइक सॉरी,” अनिका म्हणाली. “पाय लागला की करतात.”

“मग आज फार वेळा करावं लागेल,” तो म्हणाला आणि पुन्हा पाय ओढून घेतला.

काकूंच्या अंगठ्यापाशी हाड वाढलेलं होतं. ते लपवायला त्यांनी कित्येक वर्षं उघड्या चपला घातल्या नव्हत्या. वॉल्टरने त्यावर अंगठा फिरवला, पेनाने खूण केली, पुढे गेला. मग तडकलेल्या जोडीतल्या दुसऱ्या, धडक्या बुटाचं आतलं मऊ अस्तर उपसून काढलं आणि नुसत्या प्लास्टिकच्या कवचात त्यांचा अनवाणी पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे काकूंचा अख्खा हात आत गेला.

“इथे फार तर दोन बोटं मावायला हवीत,” वॉल्टर म्हणाला. “पाय आत पोहतोय. म्हणून तुम्ही बकलं आवळता, म्हणून रक्त पोचत नाही, म्हणून बोटं बधिर.”

“मग दोन मोजे?”

“ते तर आणखी वाईट. घाम धरतात. एकच, पातळ.”

नव्या जोडीत उभं राहिल्यावर काकू म्हणाल्या, “बोटं पुढे टेकतायत. लहान आहेत.”

“गुडघे पुढे वाकवा.”

त्यांनी वाकवले. टाच मागे बसली आणि बोटं सुटली. काकूंनी सरळ होऊन पाहिलं, पुन्हा वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चिप पहिल्यांदा चालू झाल्यावर दिसतो तसा भाव होता, असं अनिका नंतर सांगत होती. वॉल्टरने अस्तर गरम करून त्यांच्या पायावर बसवलं आणि हाडाच्या जागी कवच बाहेरून थोडं फुगवून घेतलं.

एका फटक्यात सगळं जमलं असं नाही. पहिल्या दिवशी डावा घोटा दुखला. परत गेल्या. मग हाडाची जागा अजून टोचली. पुन्हा गेल्या. वॉल्टर म्हणाला, “माझा अंदाज चुकला, थोडं जास्त फुगवायला हवं होतं.” काकूही प्रत्येक वेळी नेमकं सांगायच्या, कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूने, किती वेळाने. दोघांचं छान जमलं. तिसऱ्या खेपेनंतर त्या अख्खी दुपार स्की करून आल्या आणि बूट काढायची घाई न करता बाकावर गप्पा मारत बसल्या.

घोटाळा झाला तो त्याच ट्रिपेत. बूट ओले झाले होते. अरुणकाका मायाळू माणूस; बायको दमून आडवी झालीय, तेवढ्यात आपण काहीतरी करावं म्हणून त्यांनी बूट उचलले आणि केबिनच्या शेकोटीला अगदी चिकटवून ठेवले. दुपारच्या झोपेतून काकू उठल्या तोवर एका बुटाची वरची कड वाकली होती आणि आतलं अस्तर कोकम सुकल्यासारखं आक्रसलं होतं.

“अरुण! हे काय केलंस?”

“वाळवत होतो गं. ओले होते.”

“तीन वेळा पाय धरून बसवलेत ते बूट मी!” त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वेदांत, आमच्यातला सगळ्यात नवा इंजिनियर, हातातला कप घेऊन बाहेरच निघून गेला. संध्याकाळभर काकू नवऱ्याशी बोलल्या नाहीत. काका भाजी चिरत राहिले, नको इतकी.

सकाळी काकांनीच गाडी काढली आणि एकटेच वॉल्टरकडे गेले. कवच सरळ करता आलं, एक अस्तर मात्र नवं घालावं लागलं. ते पायावर बसवायला काकूंना मागाहून जावं लागलंच. पण काका तिथे बराच वेळ थांबून सगळं विचारून आले होते. अस्तर बाहेर काढून वाळवायचं, साध्या हवेवर. शेकोटी, हीटर, उन्हात तापलेली गाडी काही नको. वाळल्यावर बकलं हलकी लावून ठेवायची, म्हणजे आकार टिकतो. स्कीच्या कडा त्याच दिवशी कोरड्या पुसायच्या, नाहीतर गंजतात. पाय बुटासकट स्कीला जिथे अडकतो ते बाइंडिंग दरवर्षी दुकानात तपासून घ्यायचं, ते घरी करण्याचं काम नाही.

तेव्हापासून ते खातं काकांचं झालं. स्वतः ते एकदाही स्कीवर उभे राहिलेले नाहीत. पण केबिनवर आलं की दारातच सगळ्यांचे बूट मागून घेतात, अस्तरं ओढून काढतात आणि जिन्याच्या कठड्यावर ओळीने उलटी लावतात. वेदांतने गेल्या वर्षी कुणाचे तरी जुने बूट आणले होते. काकांनी कवच दाबून, वाकवून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “हे घालायचे नाहीत. भाड्याने घे.” वेदांत कुरकुरला, “काका, यार, एकदम नवीन दिसतायत.” काकूंनी त्याला घसरगाडीची गोष्ट सांगितली. त्याने भाड्याने घेतले.

या मार्चमध्ये काकू निळ्या खुणेच्या, म्हणजे मध्यम अवघड, लांब उतारावरून प्रथमच अनिकाशिवाय, एकट्या खाली आल्या. बऱ्याच उशिराने आल्या. काका पार्किंगच्या टोकापर्यंत सामोरे गेले होते.

“कुठे होतीस इतका वेळ?”

“मध्ये थांबले होते. वरून अख्खं सरोवर दिसतं. आणि एकदा पडले, तेव्हा तिथेच बसून थोडं बघितलं.”

काकांनी त्यांच्या स्की खांद्यावर घेतल्या आणि दोघं गाडीकडे चालू लागले.