देवावर बसणारे मुकादम

मुकादम देवावर बसायचे. अगदी मांडी घालून, तंबाखू मळत. खणताना कोरीव दगडाचं टोक वर आलं की खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकायचे आणि वर स्वतः बसायचे. मी टेप, कागद, कॅमेरा घेऊन पोचेपर्यंत हलायचे नाहीत. गावातल्या कुणी विचारलं, "मुकादम, खाली काय हाय?" तर म्हणायचे, "मी हाय की."

याला कारण होतं. आमचं पुरातत्त्वाचं काम जुन्या देवळांच्या आवारातलं. कुठं भक्तनिवास बांधायचाय, कुठं सभामंडप, कुठं गाड्या लावायला जागा. सिमेंट पडायच्या आधी खाली काय आहे ते खणून, मोजून कागदावर उतरवायचं. नकाशे मी काढते. माणसं घेऊन खणायचं काम मुकादमांचं. आणि आपल्याकडे जमिनीतून मूर्ती निघाली, की अर्ध्या तासात तिला शेंदूर लागतो, तेल पडतं, नारळ फुटतो. मग तिला हलवायची कुणाची टाप आहे? "दगड हाय तवर माप घ्या ताई," मुकादम म्हणायचे. "देव झाला की टेप चालत न्हाय."

मुकादम उचगावचे, मूळचे विहिरी खणणारे. शिक्षण चौथी. मी दोन वर्षं कॉलेजात मातीचे थर शिकले, मुकादम खुरप्याच्या टोकानं ढेकूळ उलटायचे आणि सांगायचे, "ही पांढरीची माती. हितं माणसं ऱ्हात हुती." शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी, एवढीच त्यांची विद्या. मी वाद घालायचे. शिवाजी पेठेत वाढले मी. वाद न घालता बोलणं आमच्याकडे आजारपणाचं लक्षण धरतात. दोन दिवसांनी त्याच जागी चूल निघायची. "बघा, सांगितलं नव्हतं?" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नुसतं विचारायचे, "ताई, चहा घ्यायचा न्हवं?" ते जास्त लागायचं.

खड्ड्याचा काठ त्यांना सुरीनं कापल्यासारखा सरळ लागायचा. त्यावर कुणी पाय दिला की आवाज यायचा, "पावणं, काठावरनं खाली." एकदा आमचे मोठे साहेब काठावर उभे राहून फोनवर बोलत होते. त्यांनाही पावणंच म्हणाले. साहेब उतरले.

तर हातकणंगल्याकडच्या एका गावात महादेवाच्या देवळापुढं भक्तनिवास होणार होता. गावाचं नाव सांगत नाही, का ते कळेलच. आम्हाला शनिवारपर्यंत मुदत होती. सोमवारी भूमिपूजन आणि लगेच जेसीबी. शनिवारी दुपारी अगदी शेवटच्या खड्ड्यात घडीव दगडाचा एक कोपरा वर आला. दगड साधाच, नक्षी नाही, काही नाही. पण त्याच्याखाली जुन्या विटा, आणि तिथून निघालेली भिंत थेट भक्तनिवासाच्या खांबांसाठी मारलेल्या चुन्याच्या फक्कीखाली गेलेली. आताच्या देवळाच्या आधीच्या देवळाचं जोतं होतं ते. एकच माप मी तीनदा घेतलं, खोटं कशाला बोलू.

साहेबांना फोन लावला. काम थांबवायचं पत्र निघायला बुधवार उजाडेल म्हणाले. मी देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "पत्र बुधवारी येतंय न्हवं? मग बुधवारी थांबवू." बुधवारपर्यंत जोत्याचा चुरा झाला असता. मी परत येऊन खड्ड्यात बसून रडले. मुकादम तंबाखू मळत ऐकत होते. मग टोपली पालथी घालून घरी गेले.

सोमवारी सकाळी आठला जेसीबी आला. कोपऱ्याच्या त्या दगडाला शेंदूर फासलेला होता. वर जास्वंद, पुढं उदबत्ती. सोमवार म्हणून देवळात आलेल्या पंधरावीस बायका भोवती जमल्या होत्या, एकीनं तर तांब्याभर पाणीही घातलं होतं. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, चप्पल काढली. अध्यक्षांनी दगडाकडं पाहिलं, मग बायकांकडं. बायका जास्त होत्या. अध्यक्षांनीही चप्पल काढली. मुकादम काठापासून हातभर लांब उभे होते, आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याला शेंदूर होता.

बुधवारी पत्र आलं. भक्तनिवास पलीकडं सरकला, आम्हाला आणखी पंधरा दिवस मिळाले आणि जोतं सगळं उघडं झालं. सगळं म्हणजे, कोपरा सोडून. तिथं आता रांग असायची. "मामा, नेमका कोपराच गेला माझा," मी मुकादमांकडं कुरकुरले. "कोपरा गेला, जोतं ऱ्हायलं की," ते म्हणाले.

मी अहवालात लिहिलं होतं, 'ग्रामस्थांनी पूजा सुरू केल्यामुळे कोपरा तपासता आला नाही.' साहेब पाहणीला आले तेव्हा तंबूत मी तेवढं वाचून दाखवलं. मुकादम दाराशी उभे होते. म्हणाले, "साहेब, ते गावानं न्हाय केलं. मी केलंय." उठून या माणसाचं तोंड दाबावं असं मला वाटलं. खणताना निघालेल्या वस्तूला जाणूनबुजून काही केलं तर त्या माणसाला पुन्हा कामावर घ्यायचं नाही, हा नियम मुकादमच नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगायचे. साहेबांनी हजेरीचं बुक मागवलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यामुळे नियम पाळला गेला.

"कशाला बोललात?" मी नंतर ओरडले. खरं तर मला रडू येत होतं.

"आवो, शंभर वर्सांनी कोन हितं खणंल, तुमचं लिवल्यालं वाचंल. त्याला वाटंल, गाव आदीपास्नं ह्या दगडाला पुजतंय. त्यो बिचारा चुकंल की." एवढं बोलून त्यांनी खुरपी मोजून माझ्या ताब्यात दिली.

गेल्या वर्षी अहवाल छापून आला. मी तो घेऊन उचगावला गेले. मुकादम दारात बसले होते, गुडघे कामातून गेले होते. मी शेंदराचं पान उघडून त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी इतकी वर्षं जिथं जिथं खणलं, त्या सगळ्या जागांचे अहवाल माझ्या कपाटात आहेत. त्यांत साहेबांचं नाव आहे, माझं आहे, फोटो काढणाऱ्याचं आहे. मुकादमांचं नाव पहिल्यांदाच छापलं होतं, तेही गुन्हा केला म्हणून.

त्यांनी आत हाक मारली, "अगं, पुस्तकात नाव आलंय." मामी पदराला हात पुसत आल्या, पुस्तक घेऊन त्या ओळीवरनं बोट फिरवलं. काय लिहिलंय ते दोघांनीही विचारलं नाही. मग मुकादम म्हणाले, "वडलांचं नाव लावलंय न्हवं?"

लावलं नव्हतं. मी पर्समधलं पेन काढलं, छापलेल्या नावाशेजारी टेकवलं आणि थांबले. नऊ वर्षं या माणसाच्या हातचा चहा प्याले होते, आणि त्याच्या वडिलांचं नाव मला आज विचारावं लागत होतं.