सुतळीचे बूट

गुरुदत्त वायंगणकर सुतळी कधी कापत नसे. मालवणहून कोणी खोकं आणलं की तो मांडी घालून बसायचा, नखांनी एकेक गाठ सोडवायचा, सुतळी बोटांवर गुंडाळायचा आणि तिचा गुंडा गाडीच्या डिकीत ठेवायचा. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत गणपतीचं मखर कललं किंवा घर बदलताना गादी गाडीच्या टपावर बांधायची झाली, की पहिला फोन त्यालाच. त्याची बायको उत्तरा पुण्याची. ती म्हणायची, "याचं उद्या बायपास करायची वेळ आली ना, तर हा डॉक्टरांना म्हणेल, टाके सुतळीनं घाला, पक्के बसतात."

तो हसायचा. शांत, वक्तशीर माणूस. एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. कॉलनीत पोहण्याचा तलाव होता, पण आठ वर्षांत गुरुदत्त त्यात घोट्यापर्यंतही उतरला नव्हता. मुलगी हिमानी पोहायला जायची तेव्हा तो काठावर खुर्ची टाकून बसायचा आणि पाण्यावरची डोकी मोजत राहायचा. लोकांना वाटे, त्याला पोहता येत नसेल. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

हिमानी बारा वर्षांची झाली आणि तिला मासे धरायचा नाद लागला. तो लावला शेजारच्या विवेकने. विवेक नागपूरचा, एकटा राहणारा, शनिवार-रविवार डोंगरातल्या ओढ्यांवर घालवणारा. २००६ च्या जूनमध्ये त्याने वायंगणकरांच्या दिवाणखान्यात हिमानीचे नवे बूट उलटे करून दाखवले.

"हे बघ गुरू. थंडीत छातीपर्यंत रबरी विजार घालावी लागते. उन्हाळ्यात कशाला? हाफ पँट, जाड मोजे आणि हे बूट, बस्स. भिजायचं आणि मजेत राहायचं. सगळी गंमत तळव्यात आहे यार. हा दाबलेल्या लोकरीचा नमदा आहे. शेवाळावर रबर घसरतं, हा धरून ठेवतो."

"आणि पाणी वाढलं तर?" गुरुदत्तने विचारलं.

"तर लगेच बाहेर. आणि दोघं असाल तर समोरासमोर उभं राहून एकमेकांचे खांदे धरायचे. एकाचा पाय उचलला की दुसऱ्याचे दोन्ही खाली. तुझ्यासाठी पण एक जोडी घेऊया?"

"मला नको. मी काही पाण्यात उतरणार नाही."

"बाबा इज स्केअर्ड ऑफ वॉटर," हिमानी म्हणाली. ती चिडवत नव्हती, सवयीनं सांगत होती.

पंधरा जुलैला, शनिवारी, तिघं जाणार होते. सकाळी साडेपाचला विवेकचा फोन आला की ऑफिसमध्ये सर्व्हर बंद पडलाय, मला कॅन्सल करावं लागेल. हिमानीचा चेहरा पाहून गुरुदत्त म्हणाला, "आपण जाऊ." थालीपिठांचा डबा बर्फाच्या पेटीत गेला. पेटीची कडी तुटली होती, म्हणून त्याने ती सुतळीचे पाच-सहा वेढे देऊन बांधली. उत्तरा दारात उभी राहून म्हणाली, "पोहोचल्यावर फोन कर. तिथे रेंज नसेल, तरी कर."

तीन तास गाडी चालवून ते डोंगरात पोहोचले. ओढा रुंद आणि उथळ होता, पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे मोजावेत. हिमानी बूट बांधून उतरली. पाण्याच्या गारव्याने तिने दात आवळले, मग गुडघाभर पाण्यातून, वाळूच्या एका उंचवट्यावरून चालत मधल्या मोठ्या खडकावर गेली. पाठ बापाकडे, हातात गळाची नवी काठी, दोरी पाण्यावर. गुरुदत्त पेटी शेजारी ठेवून काठावर दगडावर बसला. पाण्यावर एकच डोकं होतं, तरी तो मोजत होता.

दोनच्या सुमाराला वरच्या डोंगरामागे गडगडलं. इथे डोक्यावर ऊन होतं. थोड्या वेळाने एक ओली फांदी वाहत आली, तिच्यामागे पाचोळा, आणि पाण्याचा रंग चहासारखा झाला. गुरुदत्तला तो रंग ओळखीचा होता.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याचा थोरला भाऊ, सदादादा, पावसाळ्यात गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मासे धरायला उतरला होता. गुरू काठावर टोपली घेऊन उभा. पाणी असंच चहासारखं झालं. दादाचा पाय कातळावरून सरकला, तो एका मुळाला धरून राहिला आणि म्हणाला, "गुरग्या, काठी दी." काठी गुरूच्या पायाशी होती. त्याचे पाय हलले नाहीत. वाकणंसुद्धा झालं नाही. मूळ सुटलं, दादा वाहून गेला. घरी सगळे समजून होते की तो उशिरा पोहोचला. तेहेतीस वर्षं त्याने ते तसंच राहू दिलं होतं.

"हिमानी." पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा तिला ऐकू गेलं. ती वळली आणि ज्या वाळूवरून गेली होती ती वाळू तिला दिसेना.

"बाबा, इट्स ओके, मी येते."

"उतरू नकोस. तिथेच थांब. बस खाली."

खडक काठापासून पंचवीसेक फुटांवर. पाणी अजून मांडीइतकं असेल, पण ओढ वाढत होती. गुरुदत्त उठला आणि त्याने पायांतले बूट काढले. विचार करून नाही. वाहत्या पाण्यात वहाण घालून उतरायचं नाही, हे आईने लहानपणी अंगात भिनवलं होतं. दोन पावलं टाकली. वीस वर्षं मोज्यात राहिलेले तळवे शेवाळावरून साबणासारखे सरकले, तो गुडघ्यावर आपटला आणि हातांनी दगड धरत परत काठावर आला. गुडघ्यातून रक्त येत होतं. आणि आता पाय हलेनात. त्याने खाली पाहिलं. ते पाय नऊ वर्षांच्या पोराचेच होते.

"बाबा?" या वेळी हिमानीचा आवाज बारीक होता.

मग त्याला आईचे पाय दिसले. ओहोटीला खडकावर कालवं काढायला जाताना आई पावलांना काथ्याचं सुंभ गुंडाळायची. हिरव्यागार कातळावरून ती अंगणात चालावं तशी चालत जायची.

त्याने पेटीची सुतळी ओढली. गाठ निघेना, बोटं गाठीवर पडत नव्हती. त्याने दातांनी ती सोडवली. पळण्याचे बूट पुन्हा घातले, सुतळीचे दोन तुकडे दातांनीच तोडले आणि प्रत्येक बुटावर, तळव्याखालून, आडवे आठ-दहा वेढे मारून घोट्यावर बांधले. मध्ये एकदा वर पाहिलं. पाणी खडकाच्या कडेला लागलं होतं आणि हिमानीने पाय वर घेतले होते. त्याने पुन्हा वर पाहिलं नाही. डाव्या बुटाची गाठ मारेपर्यंत फक्त गाठ पाहिली.

उजवा पाय पाण्यात गेला. गारठ्याने श्वास अडकला, पण खाली दगड होता आणि पाऊल त्याला धरून होतं. मग डावा. काठावरून उचललेल्या एका फांदीचा आधार घेत, वरच्या अंगाला तोंड करून, एकेक पाय. पाणी मांड्यांना ढकलत होतं. तो मोठ्याने बोलत होता. काय, ते त्याला नंतर आठवलं नाही. हिमानी म्हणते, तो पाढे म्हणत होता.

खडकाशी पोहोचला तेव्हा तिने त्याच्या खांद्यांना हात घातले. "विवेककाकांनी सांगितलंय तसं. मी आधी. तुम्ही उभे राहा."

"तुझी काठी सोडून दे."

"माझी नवीन..."

"सोड."

तिने सोडली. समोरासमोर, एकाचा पाय उचलला की दुसऱ्याचे दोन्ही खाली, असे ते निघाले. मधोमध त्याच्या डाव्या बुटाची सुतळी सरकली आणि पाय गेला. एका क्षणात पाणी कमरेवर आलं. हिमानीने गुडघे वाकवले, नमद्याचे बूट रोवले आणि त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला. पाच फुटांची पोर. "आय गॉट यू," ती म्हणाली. "बाबा, पाय खाली ठेवा. आधी पाय खाली ठेवा."

त्याने ठेवला.

काठावर पोहोचून दोघं दगडावर बसले. अर्ध्या तासात तो मधला खडक दिसेनासा झाला.

गाडीत हीटर लावून, जुलैच्या उन्हात, त्याने तिला सदादादाबद्दल सांगितलं. काठीबद्दलही. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. बराच रस्ता गेल्यावर तिने विचारलं, "नऊ म्हणजे, फोर्थ ग्रेड?"

"हो."

"फोर्थ ग्रेडला मी रात्री बाथरूमला एकटी जात नव्हते," ती म्हणाली.

घरी उत्तरा दारात होती. तिने आधी त्याचा गुडघा पाहिला, मग बूट. "हे काय नवीन?"

"तुलाही सांगायचंय," तो म्हणाला आणि पायरीवर बसला. सुतळी भिजून, आवळून वाळली होती. गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. त्याने नखं लावून पाहिली, पण एकही गाठ सुटेना.

"उत्तरा," तो म्हणाला, "आधी कात्री आण."