बारा मीटर लोखंडी माती

आमची इंजिनिअर कंपनी तेव्हा सीमेवरच्या एका डोंगरावर होती. मी लान्स नायक, उरणच्या मिठागरवाल्या घरातला. काम एकच, सुरुंग काढून वाट मोकळी करायची. सहाला सुरुंग शोधायच्या मशीनची तपासणी, सातला काम सुरू. मशीन धातूवर वाजतं. वाजलं की पोटावर झोपायचं आणि धातू सापडेपर्यंत खणायचं, हा नियम. घाई केली की खेळ खल्लास.

त्या दिवशी नऊ चाळीसला गस्तीतल्या सुरेशचा पाय सुरुंगावर पडला. पाय गेला, पण जिवंत होता. आमच्यापासून फक्त बारा मीटर. मधे सगळी सुरुंगांची जमीन.

मी मशीन लावलं. पहिल्या पावलाला वाजलं, दुसऱ्याला वाजलं, मग थांबेचना. नुसतं कोकलत होतं. खणावं तर हाती काहीच नाही. असं करत पोचायला संध्याकाळ झाली असती, आणि सुरेशचं रक्त तोवर थांबणार नव्हतं.

रेडिओवर मेजरसाहेब मोकळ्या वाटेचं विचारत होते, "लेन कब तक? ओवर."

काय सांगणार, कपाळ!

मी माती मुठीत घेतली. काळे कण चमकत होते. उरणच्या किनाऱ्यावर अशीच काळी रेती मिळते, लहानपणी आम्ही तिच्यात लोहचुंबक फिरवायचो. एक खडा कंपासजवळ नेला. सुई गर्रकन वळली.

"हवालदार, सुरुंग नाय वाजत, डोंगर वाजतोय. दगडातच लोखंड हाय."

हवालदार जाधव साताऱ्याकडचे, तोंडाचे फटकळ. "लई हुशार झालास की! बंद कर ते मशीन. सळईनं जाऊ."

"मी पुढं जातो. हे बोललो मीच."

"बोललास, उपकार झाले. आता मागं सर. फीत लाव."

सळईनं काम लवकर होतं, पण एखादा सुरुंग चुकला की संपलं. हवालदार पोटावर सरकत दोन-दोन बोटांवर तिरकी सळई घालत गेले. मागून मी मोकळ्या वाटेच्या कडेनं पांढरी फीत लावत होतो. तीन सुरुंग निघाले. अकरा पन्नासला आम्ही सुरेशजवळ पोचलो. स्ट्रेचर उचलायला जागा कमी पडत होती. हवालदार हातभर जागा चाचपायला डावीकडे वळले आणि स्फोट झाला. माझा डावा कान तेव्हाच गेला. उजव्या कानानं हवालदारांचं ऐकलं ते एवढंच, "आधी त्याला न्या रं."

सुरेश वाचला. हवालदार बारा पाचला गेले.

आता मी पनवेलात राहतो. परवा इथल्या शाळेत बाईंनी लोह शिकवताना मला बोलावलं. खनिजातलं लोह, रक्तातलं लोह, सगळं त्यांनी फळ्यावर छान काढलं होतं. मी हे सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही ते बोलला नसता, तर हवालदार जगले असते?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी म्हणालो, "जगले असते, बाळा. आणि सुरेश आमच्यासमोर मेला असता. सळईतला धोका हवालदारांना कळत होता, म्हणूनच त्यांनी मला मागं ठेवलं. असा माणूस मला वरिष्ठ म्हणून लाभला, याचा मला फार अभिमान हाय."

कुणी सांगितलं नव्हतं, तरी वर्ग उभा राहिला. मी सावधान झालो आणि त्यांचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं, हवालदार भीमराव जाधव.