गाडीचं मात्र सगळ्यांनी ऐकलं

गाडी मी घेतली. माझ्या नावावर, माझ्या पगारातून, मी पसंत केलेली. तरी तिच्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न आधी माझ्या नवऱ्याला विचारला गेला, आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसताना त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. तो राग अजून गेलेला नाही आणि तो लपवून लिहायचा माझा विचारही नाही.

मी शिक्षिका आहे. पिंपळगाव राजात आमचं घर, थोडी शेती आणि नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान. लेक पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सातव्या महिन्यात यायची होती, तेही ऐन उन्हाळ्यात. दवाखाना खामगावला. अडीनडीला आमच्याकडे कोणाची तरी जीप मागावी लागते. जीपवाला लग्नाच्या भाड्याला गेलेला असला की मग हात चोळत बसायचं. माझ्या जावेला असंच एकदा टेम्पोत गादी टाकून न्यावं लागलं होतं. ती वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचं नाव अजून घेते. माझ्या लेकीला तसं न्यायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. तिला आणि तिच्या पोटातल्या जिवाला वेळेवर, धडपणे दवाखान्यात पोचवायचं. गाडी त्यासाठी होती, हौसेसाठी नव्हती.

मी निवडलेली गाडी बॅटरीवर चालते आणि पेट्रोलवरही. घरच्या प्लगवर रात्री चार्जिंगला लावली की सकाळी खामगावला जाऊन येण्यापुरती बॅटरी भरते. बॅटरी संपलीच तर इंजिन आपोआप सुरू होतं. वीज गेली तरी अडत नाही, पंप बंद असला तरी अडत नाही. ज्या गावात वीज पाहुण्यासारखी येते-जाते, तिथल्या माणसाला यापेक्षा शहाणपणाची गाडी कोणती सुचावी? पण हे मी कोणाला सांगायला गेले की लोक माझ्याकडे न बघता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत.

अकोल्याच्या शोरूममध्येही तेच झालं. चौकशी मी फोनवर केलेली, वेळ मी ठरवलेली. तिथल्या माणसाने खुर्ची आधी त्यांना दिली, चहा आधी त्यांना दिला आणि गाडीचा दरवाजाही त्यांच्यासाठीच उघडला. त्यांना गाडी चालवता येत नाही. मी तसं सांगितलं, तर तो हसून म्हणाला की सर शिकतील. शेवटी त्याने एक कामाचा प्रश्न विचारला, तोही त्यांनाच. घरी अर्थिंग व्यवस्थित आहे ना सर? नवरा म्हणाला, आहे ना, आपलं बांधकाम पक्कं आहे. बांधकामाचा आणि अर्थिंगचा काय संबंध, हे त्याने विचारलं नाही आणि मला तर बोलायची संधीच नव्हती. मी सह्या करत होते.

गाडी घरी आली आणि गावाच्या काळजीला पूर आला. पाण्यातून गेली तर करंट मारेल का? उन्हात बॅटरी फुटते म्हणतात, खरं का? वीज कडाडली तर ती गाडीवरच पडते का? एकाने तर गाडीला हात लावायच्या आधी हाताची पालथी बाजू टेकवून पाहिली, तापलेल्या तव्याला लावतात तशी. माझे दीर शेजारच्याच घरात राहतात. ते रोज सकाळी येऊन गाडीभोवती एक फेरी मारत आणि मान हलवून परत जात. त्यांच्या मते पेट्रोलची एक चांगली गाडी सोडून हे दोन डगरींवर पाय ठेवणं मला कोणी शिकवलं, हे कळायला मार्ग नव्हता.

लेक आली तसा काळजीचा सगळा रोख तिच्यावर वळला. गर्भार बाईने बॅटरीवर बसू नये, बाळाला तिच्या लहरी लागतात, असं कोणीतरी म्हणालं आणि ते जणू डॉक्टरनेच लिहून दिल्यासारखं घराघरात फिरलं. विहीणबाईंनी फोन करून मला गोड आवाजात सुचवलं की तेवढ्यापुरती दुसरी गाडी सांगून ठेवा. जावई रोज एक व्हिडिओ पाठवत होते, कुठल्याशा देशात कुठलीशी गाडी जळाल्याचा. ही सगळी मंडळी माझ्या लेकीच्या जिवाला जपत होती, हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसले. दात-ओठ खात का होईना, पण गप्प बसले.

मला स्वतःला धास्ती नव्हती असं नाही. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या बाईला ती असणारच. खामगावच्या रस्त्याला पहिल्यांदा एकटी गेले, तेव्हा चढावर इंजिन आपोआप गुरगुरायला लागलं. वाटलं, काहीतरी मोडलं आपल्या हातून. गाडी बाजूला घेऊन तिच्यासोबत आलेलं पुस्तक उघडलं, तर ते तसंच व्हायचं असतं. दुसरी भीती वेगळी. बॅटरीवर ती आवाजच करत नाही आणि आमच्याकडे माणसं रस्त्यात कानाने चालतात. मागे आवाज नाही म्हणजे मागे कोणी नाही. मी हॉर्न वाजवत, गोगलगाईसारखी गावातून जायचे. पण या भीती माझ्या मी निस्तरत होते.

मग गाडीने चार्जिंग घेणं बंद केलं. बंद केलं म्हणणंही चूक, कारण घरी तिने ते सुरूच केलं नव्हतं. शोरूममधून भरून दिलेली बॅटरी मी तोवर जपून पुरवली होती. ती संपल्यावर मी पहिल्यांदा घरचा प्लग लावला, आणि चार्जरच्या डबीवर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. काढून परत लावला, लाल. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावला, तरी लाल.

झालं. दीर आले, नवरा दुकानातून आला, दोघांनी अंगणात उभं राहून गाडीचा निकाल लावला. गाडीत खोट आहे. बाईमाणसाला पाहून गळ्यात मारली. उद्याच्या उद्या परत करा, आणि पोरीसाठी जीपवाल्याला आजच सांगून ठेवा. पेट्रोलवर गाडी व्यवस्थित चालत होती, ती कुठे अडली नव्हती, पण ते ऐकायला कोणी तयार नव्हतं. दीर मला म्हणाले, “वहिनी, पोरीच्या जिवाशी खेळू नका. घरात असं जोखमीचं काम पाह्यजेच काऊन?”

पोरीच्या जिवाशी खेळ. मी तिची आई, आणि हे मला ऐकवलं जात होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी शोरूमच्या दुरुस्ती विभागाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो. खिडकीत कूलर चालू, त्याच्यासमोर लोखंडी पलंगावर लेक आडवी झालेली. उकाडा असा की तिला कूलरपासून हलवत नव्हतो. पलंगाचा पाय कूलरच्या लोखंडी स्टँडला अगदी चिकटला होता, वारा नीट लागावा म्हणून मीच तो तसा सरकवला होता. फोनवरच्या माणसाने लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते विचारलं. मग थोडं थांबून म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरात कोणत्या वस्तूला हात लावला की झटका बसतो का?”

नवरा छताकडे पाहत होता.

लेकीने पलंगावरूनच उत्तर दिलं. “हाव, बसते ना. कूलरले बसते, मशीनले बसते. फ्रिजले ओला हात लागला तं तिथं बी.”

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं कोणी सांगावं की आमच्याकडे नळ सकाळी येतो. ती याच घरात वाढली होती. कूलरमध्ये पाणी भरताना पायात रबरी चप्पल घालायची, मशीनमधले कपडे काढताना घालायची, हा आमच्या घरातला नियमच होता. मी कितीतरी उन्हाळे सांगत आले होते की कूलरच्या अंगात झणझण येते, कोणाला तरी बोलवा. प्रत्येक वेळी उत्तर एकच. चप्पल घालून हात लावत जाय ना. एकदा नवऱ्याने माझ्यासमोर कूलरला हात लावून दाखवलाही होता, बघ, काही होत नाही. पायात बूट होते त्यांच्या.

फोनवरचा माणूस म्हणाला, “मग गाडीचं राहू द्या. आधी कूलर बंद करा. घरात अर्थिंग नाही. गाडी म्हणूनच घेत नाहीये.”

आणि इथे माझ्या नवऱ्याने काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते उठले, धावत अंगणात गेले आणि गाडीचा प्लग काढला. गाडीला काही होऊ नये म्हणून. त्यांची लेक त्यांच्या नातवंडासकट चालू कूलरला टेकलेल्या लोखंडावर झोपली होती, आणि ते गाडी वाचवायला पळाले. कूलरचं बटण मी बंद केलं. लेकीला हाताला धरून उठवलं. ती मलाच म्हणत होती, “आई, काही नाही झालं, तू काऊन घाबरून राह्यली?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच वायरमन हजर. जो माणूस कूलरसाठी कधी सापडला नव्हता, तो गाडीसाठी सकाळच्या चहाआधी सापडला. त्याने कूलरच्या अंगाला टेस्टर लावला, तर दिवा भक्कन पेटला. आतल्या मोटरची वायर उंदराने कुरतडलेली, पत्र्याला चिकटलेली. अर्थिंगची तार शोधत तो अंगणात गेला, तर भिंतीच्या कडेला तिचं टोक वाकवून ठेवलेलं निघालं. अंगणात फरशी बसवली तेव्हा मिस्त्रीने ती कापली होती. नवऱ्याला ते माहीत होतं. नंतर पाहू म्हणाले होते. ते ‘नंतर’ काही उगवलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्याकडे तर अंगणच खोटं आणि बोल गाडीला.

त्या दिवशी आमच्या घरी जो उत्साह संचारला तो मी दिवाळीतही पाहिलेला नाही. दीर स्वतः फावडं घेऊन अर्थिंगचा खड्डा खणत होते. कोळसा आला, मीठ आलं, पाइप आला, करंटची गळती झाली की सगळं बंद पाडणारा स्विच मीटरजवळ बसला. संध्याकाळी गाडीला प्लग लावला. हिरवा दिवा लागला आणि पुरुषांनी एकमेकांची पाठ थोपटली. मी कूलरला अनवाणी पायाने हात लावून पाहिला. काही नाही. नुसता थंड पत्रा.

नवरा आता दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की आपली गाडी लई हुशार आहे, घरातला दोष तिने बरोबर पकडला. मी एकदा लोकांदेखत विचारलं, मी इतकी वर्षं काय सांगत होते? ते म्हणाले, तू सांगत होतीस ते वेगळं. काय वेगळं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

लेकीचे दिवस भरले तेव्हा तिला मीच नेलं. लवकर सकाळी, बॅटरीवर, आवाज न करता. दीर मागच्या सीटवर नारळ घेऊन बसले होते आणि रस्ताभर मला सांगत होते की सावकाश चालवा. नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

बाळ पाहायला आमच्या मागच्या घरातली सून आली. तिलाही लहान मूल आहे, नुकतंच रांगायला लागलेलं. बाळाच्या हातात तिने काहीतरी ठेवलं, चहा घेतला, आणि निघताना दारात घुटमळत मला म्हणाली, “काकू, तुमची गाडी एकखेप आमच्या घरी आणून लावता काय? आमची मशीन करंट मारते. मी सांगू सांगू थकली. मायं नाही ऐकत हे, गाडीचं तरी ऐकतीन.”

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला, तिच्यावर नाही. त्याच संध्याकाळी मी गाडी तिच्या दारात नेली. तिचा नवरा ओसरीवर बसून मोबाइल पाहत होता. मी चार्जर काढून त्यांच्या मशीनच्या प्लगला लावला. लाल.

तो उठून आला. दिव्याकडे नीट वाकून पाहिलं, मग मला वायरमनचा नंबर मागितला आणि तिथल्या तिथे फोन लावला. उद्याच या, म्हणाला, लेकराचं घर आहे. त्याची बायको मागे उभी होती, मूल कडेवर, हात साबणाने ओले.

“वर्ष झालं मी सांगून राह्यली,” ती म्हणाली.

“हाव, तू सांगत होती,” तो म्हणाला. “पण मले काय माहीत का ते खरंच आहे म्हणून.”