मंजुळाबाईंची गोळी आणि शिवदासचं मीठ

मुर्धा गावात मंजुळाबाईंचा आवाज चार घरं सोडून ऐकू जातो. पूर्वी तो असा नव्हता. मागच्या वर्षी नवरा शिवदास अंगणात चक्कर येऊन पडला, तोंड एका बाजूला वाकडं झालं. महिन्याभरानं ते सरळ झालं, पण मीरा रोडच्या डॉक्टरनं बजावलं होतं की रक्तदाबाची गोळी चुकली तर पुढच्या वेळी तोंड सरळ होईलच असं नाही. तेव्हापासून रोज सकाळी गोळीच्या नावानं ओरडून तो आवाज चढला तो चढलाच.

त्या दिवशी गोळी बशीत तशीच पडली होती. शिवदास ओटीवर पेपर घेऊन बसला होता. तोंडात काहीतरी घोळत होतं.

"अवो, गोळी!"

"बंद केली."

"कवापासनं?"

"सोमवारपासनं. हे वाच. 'मिठागराचं खडेमीठ रक्तदाब उतरवतं, संशोधनातून सिद्ध.' छापून आलंय, गो. मी बोलत न्हाय."

तोंडात मिठाचा खडा होता. घरच्या मिठागरातलं शेवटच्या हंगामाचं मीठ त्यानं बरणीत जपून ठेवलं होतं. लोणच्यालासुद्धा त्यातलं मिळत नसे. आता मिठागराच्या जागी इमारती चढत होत्या, आणि या पेपरानं त्या बरणीचं औषध करून टाकलं होतं!

मंजुळाबाईंनी लेख दोनदा वाचला. 'तज्ज्ञांच्या मते' तीन ठिकाणी होतं. तज्ज्ञ एकच. शेवटी त्याचं नाव आणि मिठाची पाकिटं मागवायला फोन नंबर.

"ह्यो मानूस तर मीठच विकतो!"

"मंग? मीठवाल्यालाच मिठाचं कळनार."

"कोनाला खिलवून बघितलं? कुठल्या दवाखान्यात? लिवलंय का कुठं?"

"तू काय डॉक्टर हायेस?"

"आन पेपरवालं हायेत?"

"डॉक्टरपन गोळ्याच विकतो," तो म्हणाला आणि पान उलटलं.

मंजुळाबाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. समजावून थकल्या होत्या. मग त्यांची नजर भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोवर गेली.

"तुमच्या बाचा फोटू छापलेला तो हाच पेपर ना? खाली काय लिवलेलं?"

शिवदासनं पेपराची घडी केली.

"'मुर्ध्याचे मच्छीमार काशीनाथ.' मीठ पिकवलं, जल्मात जालं धरलं न्हाय मामंजींनी! तुमी फोन करून भांडलेलात. यांना काय विचारायला नको, म्हनत व्हतात."

"साले न विचारता लिवतात," शिवदास पुटपुटला. त्याचे कान लाल झाले. उठून मोरीत मीठ थुंकला, चूळ भरली आणि तिच्याकडे न बघता गोळी गिळली.

मंजुळाबाईंना बरं वाटायला हवं होतं. पण त्याला लेखातली खोट कळलीच नव्हती. बापाचा जुना अपमान तेवढा आठवला होता. एक गोळी पोटात गेली, उद्याचं काय?

संध्याकाळी शेजारची जाऊ सुगंधा पेपरची घडी घेऊन आली. "भावजी, लसणीवर आलंय बघा. गोळ्या सुटतात म्हनं."

शिवदास चष्मा शोधायला लागला.

"अवो! सकाळीच काय बोललो आपन?"

"तो पेपर येगला," तो शांतपणे म्हणाला. "यांनी बाचं काय वाकडं लिवलं न्हाय."

मंजुळाबाईंनी ओले हात पदराला पुसले, पेपर त्याच्या हातातून ओढून घेतला आणि लेख शेवटाकडून वाचायला सुरुवात केली.